मनगटातील धमनी आखडू नये म्हणून : कॅथलॅबमध्ये नव्याने येणाऱ्या परिचारिका व तंत्रज्ञांसाठी

कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या धमन्या तपासण्याच्या खोलीत, रुजू होऊन मला तिसराच आठवडा झाला होता. राधानगरीकडच्या साठीच्या एक आजी टेबलवर होत्या, उजव्या मनगटातून अँजिओग्राफी चालू होती आणि मी त्यांच्या उशाशी उभी होते. "बाई, हात आवळल्यागत झालाय," असे त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या आणि मी प्रत्येक वेळी "आजी, थोडंच राहिलंय, सहन करा," असे उत्तर देत होते. दहा मिनिटांनी डॉक्टर दुसरा कॅथेटर (धमनीतून हृदयापर्यंत नेली जाणारी बारीक नळी) मागे घेऊ लागले, तेव्हा तो हलेना. धमनीने तो कोपराच्या खाली घट्ट धरून ठेवला होता. पुढचा तास औषधे, गरम शेक, भूलतज्ज्ञांना बोलावणे आणि वाट पाहणे यात गेला. आजींचा हात पूर्ण बरा झाला, पण त्या संध्याकाळी आमच्या वरिष्ठ सिस्टरांनी मला एवढेच विचारले की, आजी काय म्हणत होत्या आणि ते तू डॉक्टरांना कधी सांगितलेस? मी सांगितलेच नव्हते.

त्यानंतरच्या वर्षांत मनगटातून केलेल्या असंख्य तपासण्यांना मी उभी राहिले आहे. धमनी आखडणे, म्हणजे ज्याला आपण सगळे 'स्पॅझम' म्हणतो, ते टेबलवर दिसत असले तरी बहुतेक वेळा त्याची सुरुवात आधी, वॉर्डात किंवा अगदी घरी झालेली असते, हे माझे मत दरवर्षी अधिक पक्के होत गेले आहे. म्हणून हा लेख सुईपासून सुरू न होता आदल्या दिवसापासून सुरू होतो. एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. खाली औषधांची नावे व मात्रा दिल्या आहेत, त्या डॉक्टरांनी दिलेला आदेश तुम्हाला नीट कळावा आणि चूक झाल्यास ती तुमच्या लक्षात यावी यासाठी आहेत. कोणतेही औषध डॉक्टरांच्या आदेशाशिवाय द्यायचे नाही.

१. धमनी का आखडते, हे आधी समजून घ्या

हृदयाच्या धमन्यांची तपासणी पूर्वी प्रामुख्याने मांडीतून होत असे. मनगटातील रेडियल धमनीतून ती करता येते, हे कॅनडातील माँट्रियलच्या लुसिएन कॅम्पो यांनी १९८९ साली दाखवून दिले आणि १९९२ साली ॲमस्टरडॅममध्ये फर्डिनांड किमेनेय यांनी याच मार्गाने अँजिओप्लास्टी केली. मनगटामागे हाड असल्यामुळे धमनी दाबून रक्तस्राव थांबवणे सोपे जाते आणि रुग्णाला तासन्‌तास पाय सरळ ठेवून पडून राहावे लागत नाही. हे फायदे इतके मोठे आहेत की आज बहुतेक ठिकाणी मनगटाचाच विचार आधी होतो.

अडचण एवढीच आहे की ही धमनी लहान असते. तिचा व्यास साधारण २ ते ३ मिलिमीटर असतो आणि तिच्या भिंतीत स्नायूंचा थर जाड असतो. भीती वाटली, दुखले किंवा थंडी लागली की शरीरात ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये सुटतात, त्यांना हा स्नायू फार लवकर प्रतिसाद देतो आणि धमनी आवळली जाते. आत शीथ (कॅथेटर आत-बाहेर करता यावा म्हणून मनगटात बसवलेली आखूड नळी) किंवा कॅथेटर असेल तर आवळल्यामुळे दुखते, दुखल्यामुळे भीती वाढते आणि भीतीमुळे धमनी आणखी आवळते. हे चक्र एकदा सुरू झाले की थांबवायला वेळ लागतो, पण ते सुरू होऊ न देणे बऱ्याच अंशी आपल्या हातात असते.

स्त्रिया, लहान चणीचे व बारीक मनगटाचे रुग्ण, तुलनेने तरुण रुग्ण आणि मधुमेही यांच्यात धोका जास्त असतो. वारंवार सुई टोचणे, धमनीच्या मानाने जाड शीथ वापरणे आणि एकामागून एक कॅथेटर बदलणे यांनी तो वाढतो. तालमीतला गडी टेबलवर आला की जाड मनगट पाहून आपण निर्धास्त होतो, परंतु मनातून घाबरलेल्या भक्कम माणसाची धमनीही आखडलेली मी पाहिली आहे.

२. आदल्या दिवशी : कागद पूर्ण करा आणि योग्य शब्दांत प्रश्न विचारा

कागदपत्रांचा धमनीशी काय संबंध, असे तुम्हाला वाटेल. पहाटेच्या एसटीने चंदगड किंवा आजऱ्याहून आलेल्या रुग्णाला टेबलवर घेण्याच्या वेळी "रेशनकार्डाची झेरॉक्स नाही, आज होणार नाही बहुतेक," असे कोणी म्हणाले, मुलगा धावपळ करू लागला आणि अर्ध्या तासाने तोच रुग्ण आत आला, तर त्याच्या नाडीचे ठोके मोजून पाहा. म्हणून पुढील गोष्टी आदल्या दिवशीच हातात घ्याव्यात :

– सही केलेले संमतीपत्र, ज्यात मनगटातून शक्य न झाल्यास दुसऱ्या मनगटातून किंवा मांडीतून तपासणी करण्याचा उल्लेख आहे
– आधारकार्ड व रेशनकार्ड, विशेषतः महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार होणार असतील तर
– ईसीजी, टू-डी इको आणि रक्ततपासण्या : हिमोग्लोबिन, प्लेटलेट, क्रिएटिनिन, रक्त गोठण्याची तपासणी आणि तुमच्या रुग्णालयात लागतात त्या इतर तपासण्या
– चालू असलेल्या सर्व औषधांच्या गोळ्या किंवा त्यांची पाकिटे, कारण नावे पाठ नसतात आणि चिठ्ठी बहुधा घरी राहिलेली असते
– आधीच्या अँजिओग्राफीची फाइल, मग ती कोणत्याही रुग्णालयातील असो

आता प्रश्न. पहिला प्रश्न तंबाखूचा. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे तपासणीच्या सकाळी तरी तंबाखू पूर्ण बंद असायला हवा. परंतु आपल्या भागातील बायकांना "तंबाखू खाता का?" असे विचारले तर "नाही" असेच उत्तर मिळते आणि ते खोटे नसते. त्यांच्या लेखी मिश्री हा तंबाखू नव्हेच, ती दात घासण्याची गोष्ट आहे. म्हणून "मिश्री लावता का, आणि आज सकाळी लावली का?" असेच विचारावे.

दुसरा प्रश्न पुरुषांना, नातेवाईक बाहेर असताना आणि आवाज खाली ठेवून विचारायचा आहे : लैंगिक शक्तीसाठी कोणती गोळी गेल्या दोन दिवसांत घेतली आहे का? सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तासांत किंवा टाडालाफिल घेतल्यापासून ४८ तासांत नायट्रोग्लिसरीन (धमनी सैल करण्यासाठी आपण देतो ते औषध) दिले तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकतो. सून शेजारी उभी असताना या प्रश्नाचे खरे उत्तर कोणीही देणार नाही.

तिसरा प्रश्न हाताबद्दल आहे. डायलिसिससाठी फिस्चुला (हातातील धमनी व शीर शस्त्रक्रियेने जोडणे) केलेला आहे का, या मनगटातून पूर्वी तपासणी झाली आहे का आणि त्या वेळी त्रास झाला होता का? क्रिएटिनिन जास्त असलेल्या, म्हणजे मूत्रपिंड कमजोर असलेल्या, रुग्णाला पुढे फिस्चुला लागण्याची शक्यता असते, म्हणून ते वेगळे सांगून डॉक्टरांना मार्ग ठरवू द्यावा.

पाण्याबद्दलही बोलायला हवे. "उपाशी राहा" एवढेच सांगितले तर आपली माणसे रात्री आठपासून पाण्याचा थेंबही घेत नाहीत, आणि दुपारी बारा वाजता टेबलवर येईपर्यंत शरीर कोरडे पडून नाडी बारीक झालेली असते. साधे पाणी किती वाजेपर्यंत चालेल, हे डॉक्टरांना विचारून रुग्णाला घड्याळाच्या वेळेसह सांगावे.

३. बांगड्या, कडे आणि थंड हात

नव्या मुली या पायरीकडे सर्वांत कमी लक्ष देतात. आपल्याकडच्या सवाष्ण बाईच्या हातात हिरवा चुडा असतो आणि तो मनगट निर्जंतुक करताना काढावाच लागतो. टेबलवर घेतल्यावर, घाईत, कात्रीने किंवा ठोकून बांगडी फोडली तर त्या बाईच्या मनात काय येते, याचा विचार करा. नवऱ्याच्या आयुष्याशी जोडलेली वस्तू, ज्या वस्तूबद्दल 'फुटली' असे म्हणणेही टाळून 'वाढवली' असे म्हणतात, ती अनोळखी खोलीत, हृदयाच्या तपासणीच्या क्षणी फुटते. त्यानंतर तिचा हात थंडगार पडलेला मी अनेकदा पाहिला आहे.

यावर उपाय सोपा आहे. दाखल होतानाच सांगावे की दोन्ही हातांतील बांगड्या घरच्या बाईकडून, शक्य तर घरीच, उतरवून घ्याव्यात. वॉर्डात उतरवायच्या असतील तर साबणाचे पाणी किंवा खोबरेल तेल लावून, हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून त्या सरकवाव्यात आणि सासूबाई किंवा मुलीच्या हातात द्याव्यात. "तपासणी झाली की लगेच घाला," हे वाक्य न विसरता सांगावे. पुरुषांच्या हातातील हुपरीचे चांदीचे कडे व धागेही याच वेळी काढून घ्यावेत. दोन्ही हात मोकळे करण्याचे कारण असे की एका मनगटातून जमले नाही तर दुसरे लागते आणि त्या वेळी पुन्हा हीच घालमेल नको.

कॅथलॅबमधील यंत्रांसाठी खोली थंड ठेवावी लागते. आपण शिशाच्या एप्रनमध्ये असतो, म्हणून आपल्याला ती थंडी जाणवत नाही. पातळ गाऊन घातलेल्या, जुलैच्या पावसात भिजून आलेल्या रुग्णाला ती हाडापर्यंत लागते. टेबलवर घेण्यापूर्वी हाताला हात लावून पाहा. थंड असेल तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून दंड व कोपरापासून खालच्या भागावर काही मिनिटे ठेवावी, अंगावर ब्लँकेट घालावे आणि पायात मोजे घालू द्यावेत. निर्जंतुकीकरणाचे द्रावण ओतण्यापूर्वी "आता गार लागेल" असे सांगावे. न सांगता ओतले की हात दचकतो.

४. ट्रॉली लावताना

ट्रॉलीवर असावयाच्या गोष्टी : मनगटाखाली ठेवायला गुंडाळलेला लहान टॉवेल, जागा बधिर करणारे २ टक्के लिग्नोकेन व बारीक सुई, रेडियल पंक्चरचा संच (२१ गेजची सुई किंवा २० गेजची कॅन्युला व त्यात जाणारी बारीक वायर), ५ व ६ फ्रेंचच्या पाण्याने निसरड्या होणाऱ्या शीथ, हेपॅरिनयुक्त सलाईन, जे टोकाची ०.०३५ इंची लांब वायर, नायट्रोग्लिसरीन, धमनी सैल करणारे व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम, रक्त गोठू न देणारे हेपॅरिन, गुंगीचे व वेदनाशामक इंजेक्शन, मंद नाडी वाढवणारे ॲट्रोपिन आणि मनगटावर बांधायचा हवेचा पट्टा. सोनोग्राफीचे लहान यंत्र उपलब्ध असेल तर ते आधीच चालू करून ठेवावे.

आकड्यांचा एक गोंधळ सर्व नवशिक्यांचा होतो. १ फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर. मात्र कॅथेटरवरचा आकडा हा त्याच्या बाहेरच्या व्यासाचा असतो आणि शीथवरचा आकडा तिच्या आतून काय जाईल याचा असतो. म्हणजे ६ फ्रेंचचा कॅथेटर बाहेरून २ मिलिमीटर असतो, पण ६ फ्रेंचची साधी शीथ बाहेरून अडीच मिलिमीटरच्या आसपास भरते. बारीक मनगटाच्या बाईला ही शीथ धमनीइतकीच किंवा धमनीपेक्षा जाड होऊ शकते. म्हणूनच केवळ तपासणी असेल तेव्हा डॉक्टर ५ फ्रेंच किंवा पातळ भिंतीची शीथ मागतात. ती कपाटात नसून हाताशी असली पाहिजे.

नायट्रोग्लिसरीन पातळ करणे हा दुसरा सापळा आहे आणि तो गंभीर आहे. ॲम्प्यूलमध्ये १ मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम औषध असेल तर १ मिलिलिटर घेऊन त्यात सलाईन मिसळून एकूण ५० मिलिलिटर करावे, म्हणजे प्रत्येक मिलिलिटरमध्ये १०० मायक्रोग्रॅम येते. ५० च्या जागी ५ मिलिलिटर केले की मात्रा दहापट होते. ॲम्प्यूलवरील मजकूर प्रत्येक वेळी वाचावा, दुसऱ्या व्यक्तीकडून मोठ्याने वाचून घ्यावा आणि सिरिंजवर औषधाचे नाव व प्रमाण लिहिल्याशिवाय ती खाली ठेवू नये. लिग्नोकेन, हेपॅरिन व नायट्रोग्लिसरीन तिन्ही पाण्यासारखीच दिसतात.

५. पहिली सुई

पहिल्याच प्रयत्नात सुई धमनीत गेली तर स्पॅझमची निम्मी लढाई जिंकल्यासारखी आहे. हे काम डॉक्टरांचे असले तरी त्यासाठी हात कसा ठेवलेला आहे, हे तुमच्याकडे असते. मनगट टॉवेलवर हलकेच मागे वळलेले असावे. जास्त ताणले तर धमनी चपटी होते आणि रुग्णाला दुखते. शीथ बसल्यानंतर टॉवेल काढून हात सरळ, आरामात ठेवावा. हे विसरले जाते आणि रुग्ण पाऊण तास वळलेल्या मनगटाने पडून राहतो.

लिग्नोकेन थोडेच, १ ते २ मिलिलिटर, सावकाश दिले जाते. जास्त दिले तर फुगवट्यामुळे नाडीच लागत नाही. भूल चढायला वेळ द्यावा लागतो, आणि त्या वेळात रुग्णाशी त्याच्या गावाबद्दल, यंदाच्या उसाबद्दल बोलत राहणे हे तुमचे काम आहे. डॉक्टरांनी गुंगीचे व वेदनाशामक औषध अल्प प्रमाणात सांगितले असेल तर ते सुईच्या आधी द्यावे. धमनी आखडल्यानंतर दिलेल्या औषधाला दुप्पट काम करावे लागते.

दोन-तीनदा टोचूनही जमले नाही आणि नाडी अचानक नाहीशी झाली, तर बहुतेक वेळा धमनी आखडलेली असते. अशा वेळी अनेक डॉक्टर थांबतात, त्वचेखाली थोडे नायट्रोग्लिसरीन देतात आणि काही मिनिटांनी, शक्य तर सोनोग्राफीच्या मदतीने, थोडे वरच्या बाजूला पुन्हा प्रयत्न करतात. त्या शांत मिनिटांत "पुढचा पेशंट तयार आहे" असे आत येऊन कोणी सांगू नये, याची काळजी दारापाशी उभ्या असलेल्याने घ्यावी.

६. शीथ बसल्यावर दिली जाणारी औषधे

शीथमधून नायट्रोग्लिसरीन साधारण १०० ते २०० मायक्रोग्रॅम आणि अनेक ठिकाणी त्यासोबत व्हेरापामिल २.५ ते ५ मिलिग्रॅम दिले जाते. काही ठिकाणी डिल्टियाझेम वापरतात. देण्यापूर्वी रक्तदाब व नाडी मोठ्याने सांगावी. रक्तदाब कमी असेल, नाडी मंद असेल, हार्ट ब्लॉक (हृदयातील विद्युत्‌ संदेश अडणे) असेल किंवा इकोमध्ये हृदयाची पंपिंग क्षमता फार कमी असेल, तर व्हेरापामिल टाळले जाते. महाधमनीची झडप फार अरुंद असेल किंवा हृदयाच्या उजव्या बाजूचा झटका असेल तर नायट्रोग्लिसरीनबाबतही डॉक्टर सावध असतात. म्हणून इकोचा अहवाल फाइलच्या तळाशी दबलेला नसावा.

व्हेरापामिलने हातात आग होते. सिरिंजमध्ये रुग्णाचे रक्त ओढून घेऊन, औषध पातळ करून, सावकाश दिले तर ती कमी होते. "आता हात थोडा वेळ जळजळेल, मग थांबेल," हे तुम्ही आधी सांगितले असेल तर रुग्ण दचकत नाही.

हेपॅरिन, साधारणतः वजनाच्या प्रत्येक किलोला ५० युनिट आणि बहुधा कमाल ५,००० युनिट, हेही याच सुमारास दिले जाते. ते धमनी आखडू नये म्हणून नसून धमनीत गुठळी होऊन ती पुढे कायमची बंद पडू नये म्हणून असते.

७. रुग्ण काय म्हणतो ते जसेच्या तसे ऐका

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे. डॉक्टरांची नजर पडद्यावर असते आणि हात कॅथेटरवर असतो. रुग्णाचा चेहरा फक्त तुम्हाला दिसतो. आपल्या भागातील रुग्ण जे शब्द वापरतात, त्यांतून हातात नेमके काय चालले आहे याचा बराच अंदाज येतो.

"टोचलं" हा शब्द सुईचा आहे. "आग होतीया" हा शब्द औषधाचा आहे आणि तो अर्ध्या-एक मिनिटात ओसरायला हवा. "अंगातनं गरम गेल्यागत झालं" हे डाय (धमनी पडद्यावर दिसावी म्हणून सोडायचे द्रव्य) सोडल्यावरचे आहे आणि ते अपेक्षित असते. "आवळल्यागत", "पिळल्यागत", "कळ येतीया" हे शब्द कोपराखाली किंवा दंडात दाखवून उच्चारले गेले, तर धमनी आखडू लागली आहे असे धरून चालावे. "खांद्यात काहीतरी टोचतंय" असे म्हटले तर वायर एखाद्या बारीक फांदीत शिरलेली असू शकते, तेही तत्काळ सांगावे. "हात तटतटलाय" किंवा "फुगल्यागत झालाय" हे मात्र वेगळे आणि तातडीचे आहे. चादर बाजूला करून पुढचा हात (कोपर ते मनगट) दोन्ही बाजूंनी पाहावा व दाबून बघावा, कारण आत रक्तस्राव होऊन हात टणक होत असेल तर मिनिटे मोलाची असतात. "छाती भरून आलीया" म्हटले की प्रथम मॉनिटर व ईसीजीकडे पाहून लगेच सांगावे.

काही रुग्ण बोलतच नाहीत. विशेषतः म्हाताऱ्या बायका "काय न्हाई बाई, चालू द्या," असे म्हणतात आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने चादर घट्ट धरलेली असते, पायाची बोटे वळलेली असतात. चेहरा, दुसरा हात, पाय आणि नाडीचा आकडा यांच्याकडे आळीपाळीने पाहत राहावे. नाडी अचानक वाढली तर वेदना असेल. उलट नाडी मंदावली, घाम फुटला आणि रुग्ण पांढराफटक पडला तर रक्तदाब पडत असेल. त्या वेळी ॲट्रोपिन व सलाईनची तयारी असावी.

ऐकलेले डॉक्टरांपर्यंत कसे पोहोचवावे, हेही शिकावे लागते. "पेशंट ओरडतोय" याने काहीच कळत नाही. "सर, कोपराखाली आवळतंय म्हणताहेत, दोन मिनिटे झाली, दाब ११० आहे," एवढे एका दमात सांगता आले पाहिजे. रुग्णाला "सहन करा" असे म्हणू नये. "आजी, मी डॉक्टरांना सांगितलंय, ते औषध देताहेत, हात सैल सोडा," असे म्हणावे, आणि आधी खरोखर सांगितलेले असावे.

याच काळात डॉक्टर कॅथेटरची अदलाबदल कमीत कमी ठेवण्याचा प्रयत्न करतात. हृदयाच्या डाव्या व उजव्या दोन्ही धमन्यांसाठी चालणारा एकच कॅथेटर वापरला तर एक फेरी वाचते. अदलाबदल करावी लागलीच तर ती लांब वायरवरून होते, म्हणजे हातातील वळणांतून पुन्हा वाट काढावी लागत नाही. कॅथेटर प्रत्येक वेळी हेपॅरिनयुक्त सलाईनने धुऊन, ओला करूनच हातात द्यावा.

८. कॅथेटर पुढे जाईना किंवा मागे येईना

एकच नियम तोंडपाठ करा : जोर लावायचा नाही, कोणीही नाही. आखडलेल्या धमनीतून ओढून काढलेल्या शीथबरोबर धमनीचा आतला थर सोलून आल्याचे प्रसंग वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत.

पुढे जाताना अडले तर डॉक्टर शीथमधून पातळ केलेला डाय हलक्या हाताने सोडून हाताची प्रतिमा पाहतात, कारण प्रत्येक अडथळा स्पॅझमचा नसतो. धमनीला पूर्ण वेटोळे असू शकते किंवा ती काखेजवळून वेगळी निघालेली असू शकते. डाय पातळ करून देण्याची तयारी ठेवा.

कॅथेटर आत असताना धरला गेला तर साधारण क्रम असा असतो. सर्व हालचाल थांबते. रक्तदाब पाहून नायट्रोग्लिसरीन पुन्हा दिले जाते. वेदनाशामक व गुंगीचे औषध वाढवले जाते. पुढच्या हातावर गरम, पण चटका न बसेल इतपत, ओलसर शेक दिला जातो. मग थांबायचे असते. पाच-दहा मिनिटे नुसती वाट पाहणे खोलीतील सर्वांना जड जाते, परंतु धमनी पुष्कळदा तेवढ्यातच सैल पडते. काही डॉक्टर रक्तदाबाचा पट्टा हातावर सिस्टॉलिक (वरच्या आकड्याच्या) दाबापेक्षा वर सुमारे पाच मिनिटे फुगवून मग सोडायला सांगतात. पट्टा सोडल्यावर रक्ताचा लोंढा येतो आणि धमनी स्वतःहून रुंदावते. त्या वेळी मिनिटे मोजण्याचे काम एकाच व्यक्तीकडे द्यावे. एवढ्यानेही जमले नाही तर भूलतज्ज्ञांना बोलावून हाताच्या नसा बधिर करणे किंवा गाढ भूल देणे हा पर्याय असतो. त्यांचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लावलेला असावा.

प्रत्येक औषधानंतर रक्तदाब पुन्हा घ्यायचा आहे. नायट्रोग्लिसरीन, गुंगी आणि व्हेरापामिल यांचा परिणाम एकत्र येतो.

तपासणी अपुरी असेल तर दुसरे मनगट किंवा मांडी यांचा निर्णय डॉक्टर घेतात. मांडीची जागा आधीच स्वच्छ करून ठेवलेली असेल तर तो निर्णय घाईत घ्यावा लागत नाही.

९. शीथ काढताना आणि पट्टा बांधताना

काम झाले म्हणून सगळे सैलावतात आणि नेमक्या त्या वेळी शीथ झटक्यात ओढली जाते. काढण्यापूर्वी रुग्णाला सांगावे, हात सैल आहे का ते पाहावे, आणि डॉक्टरांनी सांगितल्यास नायट्रोग्लिसरीनची शेवटची मात्रा द्यावी. शीथ सावकाश, एकाच गतीने यायला हवी. अडली तर थांबून वरचाच क्रम पुन्हा करायचा.

हवेचा पट्टा रक्त थांबेल इतकाच घट्ट असावा. नवीन मंडळी भीतीपोटी तो पूर्ण फुगवतात आणि धमनीतील प्रवाहच बंद होतो. प्रवाह चालू आहे हे तपासण्यासाठी अंगठ्याला पल्स ऑक्सिमीटर लावा, करंगळीच्या बाजूची अल्नर धमनी बोटाने दाबा आणि पडद्यावरील लाट पाहा. लाट सपाट झाली तर रक्त येणार नाही अशा बेताने हवा थोडी कमी करा. नुसत्या तपासणीनंतर पट्टा सुमारे दोन तासांत टप्प्याटप्प्याने सैल केला जातो. अँजिओप्लास्टीनंतर अधिक वेळ लागतो. नेमक्या वेळा तुमच्या रुग्णालयाच्या पद्धतीप्रमाणे पाळाव्यात.

१०. घरी पाठवताना आणि फाइलमध्ये लिहिताना

"जड काम करू नका" हे सांगून उपयोग होत नाही, कारण आपल्या माणसांना म्हशीची धार काढणे हे जड काम वाटत नाही. काही दिवस त्या हाताने धार काढायची नाही, पाण्याची बादली किंवा दुधाची किटली उचलायची नाही, मोटारसायकल चालवायची नाही, कणीक मळायची नाही, असे नावे घेऊन सांगावे. किती दिवस, ते डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून द्यावे. हात फुगला, बोटे पांढरी किंवा निळी पडली, बधिरपणा आला किंवा रक्त आले तर जागेवर बोटाने दाब देऊन लगेच परत यायचे आहे. बांगड्या कधी घालायच्या, हेही स्वतःहून सांगावे. त्या विचारत नाहीत.

फाइलमधील नोंद आपण सर्वांत घाईने करतो. सुरुवातीला सांगितलेल्या आजी दोन वर्षांनी अँजिओप्लास्टीसाठी परत आल्या. त्यांच्या पहिल्या फाइलमध्ये वरिष्ठ सिस्टरांनी सविस्तर नोंद केलेली होती, म्हणून या वेळी डावे मनगट निवडले गेले, पातळ भिंतीची शीथ काढून ठेवली, गुंगीचे औषध सुईच्या आधी दिले आणि ब्लँकेट तर मीच घातले. हात आखडला नाही.

अशा नोंदीत कोणते मनगट, किती प्रयत्नांत सुई लागली, शीथ किती फ्रेंचची, किती कॅथेटर वापरले, हात कुठे व किती वेळ आखडला, कोणत्या औषधाला किती मिनिटांत प्रतिसाद मिळाला, वेटोळे किंवा वेगळी रचना दिसली का, आणि पट्टा काढल्यावर नाडी लागत होती का, एवढे असावे. रुग्ण पुढच्या वेळी दुसऱ्याच गावच्या रुग्णालयात जाऊ शकतो, म्हणून हीच नोंद डिस्चार्ज कार्डावरही लिहावी आणि ते कार्ड इकोच्या अहवालासोबत एकाच पिशवीत ठेवायला मुलाला किंवा सुनेला सांगावे.